किती लांबचं पाणी

प्रश्न चौथा. दार सहा मीटर रुंद,
अलीकडे पाणी चार मीटर, पलीकडे दोन.
दारावरचा एकूण जोर काढा.

मी पेन खाली ठेवलं.
म्हटलं, मेनेर टेर्पस्ट्रा, गणित अर्धंच छापलंय.
दारामागचं पाणी किती लांबवर पसरलंय
ते दिलंच नाही.

वर्ग हसला नाही, हे पोरांचं चांगलं.
ती सगळी एकोणीस-वीसची, मी सत्तेचाळीस,
बाकाखाली माझे चिखलाचे बूट.
तेवीस वर्षं फ्रीसलंडच्या एकाच कालव्यावर
लॉकगेट उघडते, मिटते.
पुढच्या वर्षापासून ते लेउवार्डनच्या एका खोलीतून
बटणावर चालणार.
तिथे बसायचं तर प्रमाणपत्र हवं,
नाहीतर निरोपाचा केक.

“लांबी लागत नाही,” ते म्हणाले.
“खोली लागते फक्त.”

आयसलमीर पाहिलंय का यांनी नोव्हेंबरात?
शिशाच्या रंगाचं, पलीकडचा काठ हरवलेलं.
ते, आणि वीतभर रुंदीची चर,
दोन्ही दाराला सारखीच रेटणार?
माझ्या खांद्याला विचारा म्हणावं.
(वारा, लाटा वेगळ्या, ते म्हणाले.
त्या तिसऱ्या सत्रात.)

मधल्या सुट्टीत तायफून आला.
नाव वादळाचं, पोरगा इतका हळू बोलणारा
की कान पुढे करावा लागतो.
कॅन्टीनचं कॉफीचं मोठं पिंप त्यानं पाण्यानं भरलं,
तळाच्या तोटीला पारदर्शक नळी लावली,
तिचं टोक वर धरलं, तोटी सोडली.
करंगळीएवढ्या नळीतलं पाणी चढलं, चढलं,
आणि पिंपातल्या पाण्याच्या बरोबर रेषेत
थांबलं.
वीस लिटर इकडे. तिकडे घोटभर.
कुणीच कुणाला ढकलेना.
कॉफीवाली बाई ओरडेपर्यंत
आम्ही दोघं ते बघत उभे.

तरी पहिलं उत्तर चुकलंच.
तळाचा दाब मी सगळ्या दारावर पसरला,
जणू पाणी वरपासून खालपर्यंत एकाच रागात असतं.
टेर्पस्ट्रांनी वहीत तांबडा त्रिकोण काढला,
वर टोक, म्हणजे शून्य; तळाशी पूर्ण रुंदी.
“म्हणून अर्धं. आणि जोर मध्यावर नाही लागत,
तळापासून एक तृतीयांशावर.”

त्या त्रिकोणाकडे बघता बघता
मला आमचं जुनं लाकडी दार आठवलं,
दुरुस्तीसाठी काठावर उभं केलेलं.
मी त्याचं शेवाळ खरवडत होते.
आडव्या तुळया खाली दाट, वर विरळ.
वाटलं होतं, वर येईपर्यंत
सुताराचं लाकूड संपलं असेल.

माफ कर रे बाबा, जो कोण होतास.
तुला माहीत होतं.

परीक्षेत तेच गणित आलं, आकडेसुद्धा तेच.
दोन्ही बाजूंचे दोन त्रिकोण,
मोठ्यातून धाकटा वजा.
तीन लाख त्रेपन्न हजार एकशे साठ.
पुढे न्यूटन लिहायला विसरले. एक गुण गेला.
तायफून हळूच म्हणाला, तीन लाख काय? बटाटे?

रात्रपाळीला एक वाळूची बोट आली.
झडपा उघडल्या, कोठा भरू लागला.
दाराला हात लावून उभी राहिले, सवयीनं.
आधी ते भिंत असतं.
मग दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येतं,
त्रिकोणातून त्रिकोण जातो, काहीच उरत नाही,
आणि सगळं ते लोखंड
तळहाताखाली हलकं होतं.
हे मला तेवीस वर्षं माहीत होतं.
नाव माहीत नव्हतं.

बोटीवरून माणूस ओरडला,
भरायला अजून किती वेळ?

म्हटलं, थांबा.
तो धडा सहावा.
आमचा अजून व्हायचाय.